अजगराचा उपवास : हावड्याच्या थंडीत बॉल पायथन अन्न का नाकारतो?

हावडा - जगभर पाळल्या जाणाऱ्या सापांमध्ये अग्रक्रमाने गणल्या जाणाऱ्या बॉल पायथन या आफ्रिकी अजगराची एक सवय त्याच्या पालकांना हमखास धास्तावून सोडते. आठवड्यामागून आठवडे नियमितपणे खाणारा हा साप एके दिवशी समोर आलेल्या उंदराकडे पाठ फिरवतो आणि त्यानंतर कित्येक आठवडे, प्रसंगी कित्येक महिने, अन्नाला तोंड लावत नाही. हुगळी नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या हावडा आणि कोलकाता या शहरांत अशा उपवासास पोषक काळ म्हणजे कालीपूजा आटोपल्यानंतरचा. रात्री गार होऊ लागतात, पंखे बंद होतात आणि पेटीतील अजगर आपल्या लपणातून बाहेर येईनासा होतो.

हा उपवास म्हणजे आजार नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. मात्र प्रत्येक उपवास निरुपद्रवी असतो असेही नाही. या दोहोंमधील फरक ओळखता न आल्यामुळे दोन प्रकारच्या चुका होतात. एक तर निरोगी सापाच्या घशात बळेच अन्न कोंबून त्याला इजा केली जाते, किंवा खरोखर आजारी असलेल्या सापाला 'अजगर तर सहा महिने उपाशी राहू शकतो' या समजुतीवर तसेच सोडून दिले जाते. दुसरी चूक अधिक घातक आहे. कारण ती आळसाला शास्त्राचे नाव देते.

बंगाली मुलांची अक्षरओळख अजगरापासून होते. 'अ' या अक्षरासमोर अजगराचे चित्र छापण्याची प्रथा योगींद्रनाथ सरकार यांच्या 'हाशि खुशी' या १८९७ सालच्या बालपुस्तकाने घराघरांत पोहोचविली. मराठी वाचकास अजगर भेटतो तो दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंमध्ये. अनायासे मिळेल ते भक्षण करावे आणि न मिळाल्यास निश्चल पडून राहावे, हा धडा अवधूताने अजगरापासून घेतल्याचे भागवताच्या अकराव्या स्कंधात सांगितले आहे. पुराणकारांचे निरीक्षण अचूक होते, असे आजचे शरीरशास्त्रही सांगते.

मूळ स्थान

बॉल पायथनचे शास्त्रीय नाव पायथन रेजियस. जॉर्ज शॉ या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ साली त्याचे वर्णन केले. 'रेजियस' म्हणजे राजेशाही, त्यामुळे युरोपात तो रॉयल पायथन या नावानेही ओळखला जातो. भय वाटताच डोके मध्यभागी लपवून तो स्वतःभोवती चेंडूसारखे वेटोळे घालतो, म्हणून बॉल पायथन. भारतीय अजगराच्या तुलनेत तो अगदी लहान असतो. पूर्ण वाढलेली मादी साधारणपणे चार ते पाच फूट भरते, नर त्याहून आखूड असतो.

पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलपासून पूर्वेकडे युगांडापर्यंतच्या गवताळ प्रदेशात आणि विरळ जंगलात तो आढळतो. दिवसाचा बहुतेक काळ उंदरांच्या बिळांत आणि सोडून दिलेल्या वारुळांत दडून राहावे आणि रात्री बाहेर पडावे, हा त्याचा परिपाठ. बेनिन देशातील विदा या गावी अजगरांचे एक मंदिर आहे. तेथे याच जातीचे साप पूज्य मानले जातात. मनसादेवीची पूजा करणाऱ्या बंगालला आणि नागपंचमी पाळणाऱ्या महाराष्ट्राला ही श्रद्धा परकी वाटू नये. त्याच प्रदेशातून, म्हणजे बेनिन, टोगो आणि घाना या तीन देशांतून, १९७५ नंतर तीस लाखांहून अधिक बॉल पायथन निर्यात झाले आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आता या जातीची नोंद 'संकटसमीप' या वर्गात केली आहे.

नायजेरियाच्या आग्नेय भागातील वर्षावनात लुईसेली आणि अँजेलिची या इटालियन संशोधकांनी या सापांच्या आहाराचा अभ्यास केला होता. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. सत्तर सेंटिमीटरहून लहान साप प्रामुख्याने पक्षी खातात आणि एक मीटरहून मोठे साप प्रामुख्याने उंदरांसारखे सस्तन प्राणी खातात, असे त्यांना आढळले. नर झाडांवर अधिक वावरतात, माद्या जमिनीवर. पेटीतल्या सापाला आयुष्यभर एकच एक पांढरा उंदीर देणाऱ्या पालकाने ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपण ज्याला 'सापाचे अन्न' म्हणतो, ते त्या विशिष्ट सापाला अन्न वाटतेच असे नाही.

उपाशी शरीरात काय घडते

उपाशी सापाचे शरीर खर्च कसा आवरते, याचे मोजमाप अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठातील मार्शल मॅक्यू यांनी केले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना १६८ दिवस, म्हणजे जवळपास साडेपाच महिने, अन्न दिले गेले नाही. या काळात सापांचे वजन सुमारे ९ ते २४ टक्क्यांनी घटले. विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जावापर मात्र काही प्रसंगी ७२ टक्क्यांनी खाली आला. सर्वांत आश्चर्याची गोष्ट अशी की, उपाशी असूनही त्यांची लांबी वाढत राहिली.

याची दुसरी बाजूही तितकीच विलक्षण आहे. दडून बसून शिकार करणाऱ्या अजगरांचे पचनसंस्थेचे यंत्र जेवणांच्या मधल्या काळात जवळजवळ बंद असते. भक्ष्य पोटात गेल्यावर ते पुन्हा सुरू होते. आतड्याचे अस्तर जाड होते, यकृत आणि मूत्रपिंडे वाढतात. बर्मी अजगराचे हृदय भोजनानंतर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी मोठे होते, असे 'नेचर' या नियतकालिकात २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे जेवण हे सापाच्या दृष्टीने एक खर्चिक काम असते. हा खर्च पेलण्यासाठी बाहेरून उष्णता मिळाली पाहिजे. ती मिळणार नसेल तर पोटातील उंदीर पचण्याऐवजी कुजतो आणि साप तो ओकून टाकतो. थंडीत न खाणे हा अशा वेळी सापाचा हट्ट नसून शहाणपणाचा निर्णय असतो.

येथेच हावड्याचा प्रश्न उभा राहतो. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील हे शहर उष्ण आणि दमट म्हणून ओळखले जाते. त्यामुळे आफ्रिकी सापाला येथे वेगळ्या उष्णतेची गरज नाही, असा समज होणे सहज शक्य आहे. एप्रिल ते ऑक्टोबर हा समज बऱ्याच अंशी खपूनही जातो. परंतु जानेवारीत कोलकात्याचे सरासरी किमान तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही रात्री ते याहूनही खाली उतरते. बॉल पायथनच्या पेटीत उबदार बाजूस ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूस २५ ते २७ अंश तापमान असावे, रात्रीदेखील ते २४ अंशांखाली जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जुन्या वाड्यांतील उंच छताच्या, उत्तरेकडे खिडक्या असलेल्या खोलीत उपकरणाविना हे तापमान राखणे डिसेंबरात अशक्य आहे.

उलट टोकही विसरून चालणार नाही. ३० एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात ४३ अंश तापमान नोंदविले गेले. अशा उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील खोलीत ठेवलेला साप थंडीमुळे नव्हे, तर उकाड्यामुळे खाणे सोडतो. अतिउष्णतेचा धोका तर थंडीपेक्षा तातडीचा असतो, कारण ती काही तासांत जीव घेऊ शकते.

आणखी एक योगायोग आहे. टोगो आणि पश्चिम बंगाल हे दोन्ही प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेसच येतात. त्यामुळे या सापाच्या मूळ प्रदेशातील थंड, कोरडा काळ आणि हावड्याचा हिवाळा एकाच सुमारास येतो. पश्चिम आफ्रिकेत याच काळात प्रजननाचा हंगाम असतो. नर माद्यांच्या शोधात हिंडतात आणि खाण्याकडे त्यांचे लक्ष नसते. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली मादी ती फुटेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिने, काहीही खात नाही. पेटीत जन्मलेल्या आणि आफ्रिका कधीही न पाहिलेल्या सापातही ऋतूची ही जाणीव शिल्लक राहते. पेटीतील उष्णता अचूक असूनही वयात आलेला नर नोव्हेंबर ते फेब्रुवारी खात नसेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

प्रथम पेटी, मग साप

उपवास सुरू झाला की बहुतेक पालक उंदीर बदलतात. वास्तविक प्रथम पेटी तपासली पाहिजे. तापमान हाताच्या स्पर्शाने कळत नाही. त्यासाठी उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना जमिनीच्या पातळीवर तापमापक हवा. काचेच्या बाहेर चिकटविलेली तापमापक पट्टी काचेचे तापमान सांगते, सापाचे नव्हे. उष्णता देणारी चादर किंवा दिवा थर्मोस्टॅटविना वापरू नये, कारण साप तापलेल्या पृष्ठभागावरून वेळीच हटत नाही आणि त्याची त्वचा भाजते. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवणे हा घरगुती उपाय काही तास पुरतो.

आर्द्रतेचे गणित थोडे फसवे आहे. हावड्याच्या हवेत हिवाळ्यातही बऱ्यापैकी ओलावा असतो, पण दिवा लावलेल्या पेटीतील हवा मात्र कोरडी होते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. बाहेर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेलेली असताना बंदिस्त पेटीत बुरशी धरते आणि श्वसनमार्गाचे विकार उद्भवतात. पेटीत साधारण ६० टक्के आर्द्रता, खेळती हवा आणि कोरडी जमीन असावी. पिण्याचे स्वच्छ पाणी तर नेहमीच हवे. उपवास करणारा साप अन्नाविना दीर्घकाळ राहू शकतो, पाण्याविना नाही.

त्यानंतर येते ते लपण. बॉल पायथन हा बिळात राहणारा प्राणी आहे. मोठ्या, उघड्या, चहूबाजूंनी काच असलेल्या पेटीत त्याला शोभेची वस्तू म्हणून ठेवले की तो स्वतःला सतत शिकाऱ्याच्या नजरेसमोर असल्याचे समजतो. उबदार आणि थंड अशा दोन्ही टोकांना एकेक अंधारी जागा हवी. ती इतकी लहान हवी की वेटोळे घातलेल्या सापाच्या अंगाला भिंती टेकल्या पाहिजेत. मातीचे उलटे कुंडे, ज्याच्या कडेला दारापुरती फट पाडलेली आहे, या कामास उत्तम ठरते. पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकल्यामुळे महिन्याभराचा उपवास सुटावा, असे घडू शकते. इतका साधा उपाय असतो हे अनेकांना खरे वाटत नाही.

सापांना जमिनीतून येणारी कंपने जबड्याच्या हाडांतून जाणवतात. दाट वस्तीच्या शहरात कालीपूजेचे फटाके, शेजारच्या कारखान्यातील यंत्रे, ध्वनिक्षेपक यांपासून पेटी शक्य तितकी दूर आणि भिंतीपासून सुटी ठेवावी. नव्याने आणलेल्या सापाला आठ-दहा दिवस अजिबात हात लावू नये. उपवासाच्या काळात पाहुण्यांना दाखविण्यासाठी त्याला गळ्यात घालणे हा तर शुद्ध अत्याचार आहे.

कात टाकण्यापूर्वी सापाचे डोळे निळसर, धुरकट होतात आणि त्याला नीट दिसत नाही. या आठवड्या-दीड आठवड्यात तो खात नाही. कात पडेपर्यंत थांबणे एवढेच तेथे करावयाचे असते.

भक्ष्य कसे द्यावे

बॉल पायथनच्या ओठांलगत लहान खळग्यांची रांग असते. हे खळगे उष्णता टिपतात. रात्रीच्या काळोखात गरम रक्ताचा प्राणी त्याला या खळग्यांमुळे 'दिसतो'. शीतपेटीतून काढून खोलीच्या तापमानाला आणलेला मृत उंदीर त्यामुळेच त्याच्या लेखी दगडासारखा असतो. हिवाळ्यात तर असा उंदीर चिमट्यात धरेपर्यंतच गार होतो. योग्य रीत अशी : गोठविलेला उंदीर प्रथम फ्रीजमध्ये हळूहळू वितळू द्यावा, मग घट्ट बंद पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा आणि अंगाचे तापमान सुमारे ३८ अंशांवर आले, म्हणजे जिवंत उंदराइतके झाले, की कोरडा पुसून लांब चिमट्याने लपणाच्या तोंडाशी न्यावा. मायक्रोवेव्हचा वापर टाळावा. त्यात उंदीर आतून शिजतो आणि क्वचित फुटतोही.

वेळ सूर्यास्तानंतरची हवी आणि दिवे मंद हवेत. सापाने जिभेने चाचपडून मान मागे घेतली व इंग्रजी 'एस' अक्षरासारखा आकार घेतला, तर तो हल्ल्याच्या तयारीत आहे असे समजावे. त्याने डोके वेटोळ्यात खुपसले, तर त्या रात्रीचा प्रयत्न तेथेच संपवावा. पाच-दहा मिनिटांनंतरही प्रतिसाद नसेल तर उंदीर लपणाच्या तोंडाशी ठेवून, पेटी झाकून, खोलीबाहेर जावे. कित्येक लाजरे साप पहाटेपर्यंत एकटेच जेवून मोकळे होतात. सकाळी न खाल्लेला उंदीर टाकून द्यावा. पुन्हा गोठवू नये. आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये. दोन प्रयत्नांत किमान सात ते दहा दिवसांचे अंतर हवे. दररोज नाकासमोर उंदीर नाचविला तर सापाच्या मनात उंदीर आणि त्रास यांची सांगड पक्की होते.

एवढे करूनही उपवास सुटला नाही, तर भक्ष्य बदलून पाहावे. मोठ्या उंदरास नकार देणारा साप छोटा पांढरा उंदीर घेतो, कधी याच्या उलट. रंगाने, वयाने किंवा वासाने निराळा उंदीर चालतो. दुसऱ्या जातीच्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पेटीतील भुश्यात उंदीर घोळविल्याने वास बदलतो. काही सापांना कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लाचा वास भुलवितो, आणि नायजेरियातील निरीक्षण पाहता त्यात नवल नाही. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाहून अधिक असू नये. उपवासानंतरच्या पहिल्या जेवणास तर त्याहून बारीकच बरे.

जिवंत उंदीर पेटीत सोडणे हा मार्ग मात्र धोक्याचा आहे. भूक नसलेला अजगर कोपऱ्यातल्या उंदराकडे दुर्लक्ष करतो. उंदराला मात्र रात्रभरात भूक लागते आणि तो सापाची पाठ कुरतडतो. मणक्यापर्यंत खोल जखमा झालेले साप पशुवैद्यकांकडे आणले जातात, ते याच कारणाने. उंदराच्या यातनेचा प्रश्न निराळाच.

वजनाची वही

घाबरावे की थांबावे, याचे उत्तर सापाच्या तोंडावर मिळत नाही. ते वजनकाट्यावर मिळते. स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, एक झाकणाचा डबा आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे. आठवड्या-पंधरवड्याने वजन घ्यावे आणि तारीख, तापमान, दिलेले भक्ष्य, नकार, कात, विष्ठा यांची नोंद ठेवावी.

अशा नोंदींची परंपरा हुगळीच्या पैलतीरावर सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८७६ साली सुरू झालेल्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी बंदिवासातील प्राण्यांच्या देखभालीवर १८९२ साली एक ग्रंथ लिहिला. तो प्रामुख्याने सस्तन प्राणी व पक्षी यांच्याविषयी आहे. प्राणी काय खातो, त्याला कोणते निवासस्थान मानवते, तो कशाने आजारी पडतो, हे प्रत्यक्ष पाहून लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत होती. प्राणिसंग्रहालयांच्या व्यवस्थापनावरील आरंभीच्या महत्त्वाच्या ग्रंथांत त्याची गणना होते. हावड्यातील अजगराच्या पालकाला याहून चांगला आदर्श शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

दीड किलो वजनाची मादी तीन महिन्यांत पन्नास-साठ ग्रॅमने घटली, अंग गोलसर आहे, जीभ चपळपणे बाहेर येते आणि हातात घेतल्यावर पकड घट्ट आहे, तर काळजीचे कारण नाही. मूळ वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट झाली तर पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागणे, त्वचेला सुरकुत्या पडणे, डोळे खोल जाणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही दवडू नये. पिल्लांना ही सवलत नाही. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाचे वजन साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास असते. त्याच्या शरीरात चरबीचा साठा नसतो. पहिली कात टाकल्यानंतर काही आठवड्यांत त्याने खाल्ले नाही, तर ते प्रकरण तज्ज्ञाकडे गेले पाहिजे.

वजनाव्यतिरिक्त काही खुणा उपवासामागे आजार असल्याचे सांगतात. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणे, नाकातोंडातून फेस किंवा चिकट स्राव येणे हा श्वसनमार्गाचा संसर्ग असतो. २०१४ साली बॉल पायथनमध्ये एका नव्या विषाणूचा शोध लागला. सर्पविषाणूंच्या या गटामुळे होणारा फुप्फुसांचा विकार सुरुवातीला केवळ भूक मंदावल्यासारखा दिसू शकतो. हिरड्या लाल होऊन त्यांवर पिवळसर पापुद्रा येणे, खवल्यांखाली काळे-तांबूस सूक्ष्म किडे दिसणे, डोके डोलणे किंवा उताणे पडल्यावर सरळ होता न येणे, खाल्लेले वारंवार ओकणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती प्रयोग थांबवावेत. पश्चिम बंगालचे पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ कोलकात्यातच बेलगाछिया येथे आहे. सापांवर उपचार करणारे पशुवैद्यक थोडेच असतात. त्यामुळे त्यांचा शोध साप आजारी पडण्यापूर्वी घेणे इष्ट.

बळेच भरविण्याबाबत येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सापाचे तोंड उघडून उंदीर घशात ढकलण्याच्या प्रयत्नात दात तुटतात, तोंडाला जखमा होऊन त्या चिघळतात, अन्ननलिका फाटते. एवढे करून पोटात गेलेला घास ताणाखालील साप बहुधा ओकतो. त्यात पाणी आणि क्षार जातात, आणि उपवासाने न झालेली हानी एका संध्याकाळी होते. अगदी अशक्त पिल्लाच्या बाबतीत नळीवाटे पातळ अन्न देण्याचा निर्णय पशुवैद्यकाने घ्यावा आणि त्यानेच, किंवा त्याच्या देखत, ते काम व्हावे.

सापाला दूध पाजणे हा उपाय नव्हे, हे महाराष्ट्रातील वाचकांना वेगळे सांगावयास नको. सापाच्या शरीरास दूध पचविता येत नाही. गारुडी नागपंचमीपूर्वी नागांना दिवसेंदिवस तहानलेले ठेवीत असल्याने ते दुधालाही तोंड लावतात, इतकेच त्या 'चमत्कारा'चे रहस्य आहे.

कागदपत्रांचा प्रश्न

बॉल पायथन भारतात पाळता येतो काय, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले आहे. भारतीय अजगर आणि पश्चिम बंगालमध्ये आढळणारा बर्मी अजगर यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण असून ते घरी ठेवणे हा किमान तीन वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. परदेशी जातींबाबत मात्र दीर्घकाळ स्पष्ट तरतूद नव्हती. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०२० मध्ये अशा प्राण्यांची स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. पुढे कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापार नियमनाच्या साइटिस करारातील जातींची वेगळी अनुसूची करण्यात आली. बॉल पायथन तिच्यात येतो. फेब्रुवारी २०२४ मधील नियमांनुसार अशा प्राण्याची 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक असून जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही माहिती द्यावी लागते.

तस्करी मात्र थांबलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये टाटानगर स्थानकावर एका गाडीत २८ परदेशी साप सापडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटे व केक यांच्या पुड्यांत लपविलेले नऊ बॉल पायथन महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना मिळाले. कापडी पिशवीत, गारठ्यात, पाण्याविना असा प्रवास केलेल्या पिल्लाने नव्या घरी खाणे नाकारल्यास त्याचे मूळ त्या प्रवासात शोधावे लागते. स्वस्तात, पावतीविना मिळालेला साप 'खात नाही' अशी तक्रार घेऊन पालक पशुवैद्यकाकडे जाण्यास कचरतो. नोंदणी नाही, म्हणून उपचार नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे, आणि त्याची किंमत साप मोजतो. न खाणारा साप शिवपूरच्या वनस्पती उद्यानात किंवा हुगळीकाठच्या झुडपांत सोडून देणे हा तर कोणत्याही परिस्थितीत पर्याय नाही. तेथील पहिला हिवाळाही तो पार करण्याची शक्यता कमी, आणि त्याच्यासोबतचे परजीवी व विषाणू स्थानिक सापांपर्यंत पोहोचण्याचा धोका आहे.

उपवास सुटल्यानंतर

हावड्यात फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार होऊ लागतात. अनेक प्रौढ साप याच सुमारास पुन्हा लपणाच्या तोंडाशी येऊन, डोके जमिनीलगत ठेवून, दबा धरून बसू लागतात. हीच पुन्हा अन्न देण्याची वेळ होय. पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे असावे. बंद असलेली पचनसंस्था एकदम मोठ्या भाराखाली आली तर उलटी होते, आणि फार दीर्घ उपवासानंतर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्रकृती ढासळू शकते. जेवणानंतर किमान ४८ तास सापाला हात लावू नये व उबदार बाजूचे तापमान रात्रीही घसरू देऊ नये.

पहिला घास पचून विष्ठा बाहेर पडल्याची नोंद वहीत झाली, की आठ-दहा दिवसांनी दुसरे, किंचित मोठे भक्ष्य द्यावे. तिसऱ्या किंवा चौथ्या जेवणापासून नेहमीचा क्रम सुरू करता येतो. प्रौढ बॉल पायथनला तो दोन ते चार आठवड्यांतून एकदाच लागतो. गमावलेले वजन भरून काढण्यासाठी दर तीन दिवसांनी उंदीर देण्याचा मोह आवरावा.